यंत्रमानवाचा दुभाषा



टोकरखाड्यातील वर्गात कधी असा मुलगा येतो, की त्यास घरची वारली तेवढी अवगत असते. आमच्या घरी कोकणी. शिकवितो आम्ही पुस्तकी मराठीतून. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी त्याच्या शेजारी बसविला, म्हणजे आमचे काम सुकर होते. यंत्रमानवालाही असाच एक दुभाषा लागतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरी दुभाष्याचे मोल जाणत असल्याने हा विषय हाती घेतला आहे.

मोटारी, चाके व सेन्सर हे यंत्रमानवाचे शरीर. संगणकातील आज्ञावली ही त्याची बुद्धी. बुद्धी आज्ञा करते, 'सेकंदास २० सेंटिमीटर वेगाने पुढे चल.' परंतु मोटारीस सेंटिमीटर ठाऊक नाही. तिला कळते ती वीज. या दोहोंमधील दुभाष्यास 'ड्रायव्हर' म्हणतात.

समजा, चाकाचा परीघ २० सेंटिमीटर आहे, आणि त्यास जोडलेला एन्कोडर नावाचा गणक चाकाच्या एका फेऱ्यात ४० ठोके देतो. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेंटिमीटरचा. वरील आज्ञा पाळावयाची, तर सेकंदास ४० ठोके पडले पाहिजेत. तीसच पडले, तर चाक मंदावले हे ओळखून वीज वाढवावी लागते. ठोके मोजणे, हिशेब करणे आणि मोटारीस आज्ञा पोचविणे, हा क्रम सेकंदात अनेक वेळा चालतो. वरून आज्ञा येणे खंडित झाले, तर चाके थांबविणे हेही त्यात योजून ठेवावे लागते. एरवी यंत्र कोणाच्याही अंगावर जाईल.

पूर्वी नवा यंत्रमानव घडविताना ही सारी जुळणी बहुधा मुळापासून करावी लागे. २००७ साली कॅलिफोर्नियातील 'विलो गॅरेज' या संस्थेने 'रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम' अर्थात 'रॉस' या प्रणालीचे काम हाती घेतले. ती सर्वांस विनामूल्य खुली आहे. वेगाची आज्ञा कोणत्या स्वरूपात द्यावी, कॅमेऱ्याचे चित्र कसे पाठवावे, याचे ठराविक संकेत तीत आहेत. त्यामुळे शरीर बदलले, तरी पुष्कळदा दुभाषा तेवढा बदलावा लागतो. बुद्धीचा बराच भाग तोच राहतो. खऱ्या यंत्राऐवजी संगणकातील आभासी यंत्रावरही तीच आज्ञावली आधी तपासता येते.

मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये 'ई-यंत्र' हा प्रकल्प चालतो. त्यातील 'फायर बर्ड ५' या छोट्या यंत्रमानवाच्या चाकांना असेच गणक आहेत. २०१२ पासून त्या प्रकल्पातर्फे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते, आणि तिच्यातील काही विषयांत पुढे 'रॉस'चाही उपयोग झाला.

सिल्वासाच्या कारखान्यांत तुमच्यापैकी अनेकांचे पालक राबतात. 'यंत्रमानव आले, तर त्यांचे काय?' असे एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले. खोटा दिलासा आम्ही दिला नाही. काही कामे जातील, हे खरेच. परंतु त्या यंत्राच्या चाकाचे ठोके मोजून त्याची आज्ञावलीशी सांगड घालणारे माणूसच लागेल. ते काम शिकण्यास गणित हवे, चिकाटी हवी. ऐकलेले नीट समजून घेऊन दुसऱ्याच्या भाषेत अचूक सांगण्याची सवय तर तुम्हांस बाकावरच लागली आहे.