छपराच्या कोनात सिमेंट का टिकत नाही?

पहिल्या दमदार पावसात कवेलूचे घर गळू लागले, की आधी पाहावे ते दोन छपरे मिळतात त्या आतल्या कोनात. केशोरीसारख्या गावात मूळ घराला काटकोनात ओसरी किंवा गोठा जोडला, की असा कोन तयार होतोच. तिथली फट सिमेंटने लिंपायची आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळती शोधायची, हा अनेक घरांचा नेम. यात दोष पावसाचा कमी, सिमेंटवर टाकलेल्या भरवशाचा जास्त.

आधी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन्ही बाजूंचे मिळून २० चौरस मीटर छप्पर या कोनात उतरत असेल आणि तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, तर हजार लिटर पाणी त्या चिंचोळ्या पट्टीतून जाते. त्यात उतारही कमी. दोन्ही छपरांना ३० अंशांचा उतार असला, तरी कोनाच्या रेषेला जेमतेम २२ अंश मिळतात.

आता सिमेंट. उन्हाने तापल्यावर सिमेंटचा मसाला भाजलेल्या मातीपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. खालचे लाकूड ओलीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. सगळे हलत असताना मधला ताठ थर तडकणारच. अर्ध्या मिलिमीटरची फट केशाकर्षणाने सुमारे तीन सेंटीमीटरपर्यंत पाणी वर ओढू शकते. म्हणून गळती चढाच्या दिशेनेही सरकते.

सुटलेला एखादा तुकडा उलटा करून पाहा. पाठ गुळगुळीत आणि तिच्यावर तांबूस धूळ असेल, तर तो तुटलेला नाही. कवेलूला कधी चिकटलाच नव्हता. कोरडे कवेलू ओल्या मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही.

म्हणून जुन्यावर नवे लिंपू नये. मे महिन्यात कवेलू फेरायला काढले, की कोनातला जुना मसाला पूर्ण खरवडावा. खाली कडा वर वळवलेला पत्रा घालावा. जोड असल्यास वरचा पत्रा खालच्यावर किमान १५ सेंमी चढवावा. कवेलू घासून, भिजवून दोन्हीकडून पत्र्यावर आणावेत, पण मध्ये हातभर नाही तरी चार बोटांची वाट मोकळी ठेवावी. मसाला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा करावा. चुन्यामुळे तो थोडा लवचीक राहतो. काम सकाळी उरकून वर ओले पोते टाकावे.

मसाल्याने फक्त कवेलूच्या कडा धराव्यात. पाणी पत्र्याने न्यावे. मग चीर पडली, तरी आत शिरलेले पाणी पत्र्यावरून वळचणीलाच उतरते.