मुरलेला खेळाडू की होतकरू पोरगा? संघांच्या अदलाबदलीचा हिशेब

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्स सोडून पुन्हा मुंबई इंडियन्सकडे गेला, तेव्हा भेस्तानातल्या आपल्या कितीतरी घरांत दोन तट पडले होते. मोठी माणसं मुंबईच्या बाजूची, इथेच जन्मलेली, इथल्याच शाळांत वाढलेली मुलं गुजरातची. त्यात हार्दिकचा जन्म आपल्याच सुरत जिल्ह्यातल्या चोर्यासीचा, त्यामुळे मुलांचा राग जास्त. पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, कप जिंकून देणारा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेणारा कर्णधार कुणी देऊन टाकतं का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच्या जागी २४ वर्षांचा शुभमन गिल कर्णधार झाला. पुढच्या मोसमात मुंबई दहा संघांत दहावी आली आणि गुजरात आठवी, म्हणजे घरातल्या दोन्ही पक्षांना मान खाली घालावी लागली!

हा प्रश्न नुसता चहावरच्या गप्पांचा नाही. आपल्यातली काही मुलं रोज पहाटे मैदानावर जातात. ‘पोरात दम आहे’ असं कुणीतरी सांगतं आणि आईवडील विचारात पडतात, या ‘दम आहे’ची किंमत नक्की किती धरायची? मोठे संघ हाच हिशेब कोट्यवधी रुपये लावून करतात. तो कसा करतात ते समजून घेऊ.

आयपीएलमध्ये लिलावाआधी काही काळ संघांना आपसांत खेळाडू देता-घेता येतात. कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, कधी नुसते पैसे. दोन्ही संघ राजी हवेत आणि खेळाडूही. असा पहिला गाजलेला सौदा २००९चा. दिल्लीने मुंबईला २३ वर्षांचा शिखर धवन दिला आणि आशिष नेहरा घेतला. धवनने आदल्या मोसमात ३४० धावा केल्या होत्या, डावखुरा, फटकेबाज, पुढे भारताकडून खेळेल असं वाटायला लावणारा. नेहरा उलट तिशीला टेकलेला. २००३च्या विश्वचषकात इंग्लंडचे सहा गडी बाद केलेला, पण दुखापतींनी बेजार झालेला.

त्या वर्षी नेहराने दिल्लीसाठी १९ गडी बाद केले, दिल्ली साखळीत अव्वल राहिली आणि नेहरा भारतीय संघात परतला. धवनने मुंबईकडून पाच सामन्यांत ४० धावा केल्या. दोन मोसमांनंतर तो हैदराबादला गेला, आधी डेक्कन चार्जर्सकडे आणि मग सनरायझर्सकडे. मार्च २०१३ मध्ये मोहालीला कसोटी पदार्पणातच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १८७ धावा काढल्या तेव्हा तो २७ वर्षांचा होता. २०१६ मध्ये सनरायझर्सने कप जिंकला, त्यात त्याच्या ५०१ धावा होत्या.

म्हणजे धवनबद्दलचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, पण मुंबईला त्याचा काही उपयोग झाला नाही. आंब्याचं कलम लावणाऱ्याने पाचव्या वर्षी वाडी सोडली आणि मोहोर सातव्या वर्षी आला, तसं झालं. तरुण खेळाडू घेताना ‘हा मोठा होईल का’ एवढंच विचारून भागत नाही. तो मोठा होईल तेव्हा आपल्याकडे असेल का, हेही विचारावं लागतं. आमच्या मते सौदे बहुतेक इथेच फसतात.

गंमत अशी की नऊ वर्षांनी तोच धवन तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसला. २०१८च्या अखेरीस सनरायझर्सने त्याला दिल्लीला परत दिलं आणि बदल्यात तिघे घेतले: भारताकडून खेळलेला अष्टपैलू विजय शंकर, त्याच वर्षी झारखंडकडून एका सामन्यात १० धावांत ८ बळींचा विक्रम केलेला फिरकीपटू शाहबाज नदीम, आणि अभिषेक शर्मा नावाचा १८ वर्षांचा मुलगा. धवनचं मानधन ५ कोटी २० लाख होतं. शंकर आणि नदीम प्रत्येकी ३ कोटी २० लाखांचे, अभिषेक ५५ लाखांचा. तिघांची बेरीज धवनपेक्षा जास्त भरली म्हणून सनरायझर्सने वरची रक्कम दिल्लीला दिली. या सौद्यात अभिषेक म्हणजे भाजीवर घातलेली कोथिंबीर होता.

धवन तेव्हा तेहतिशीला आलेला. त्याने दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१, २०२० मध्ये ६१८ आणि २०२१ मध्ये ५८७ धावा केल्या. २०२० मध्ये दिल्ली पहिल्यांदाच आयपीएलच्या अंतिम सामन्यात पोहोचली. अभिषेकला पहिली तीन वर्षं नियमित जागाही मिळत नव्हती. २०२२ मध्ये सलामीला पाठवल्यावर त्याने ४२६ धावा केल्या, २०२४ मध्ये ४८४, त्याही शंभर चेंडूंत दोनशेच्या वेगाने, आणि एप्रिल २०२५ मध्ये पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१. त्या मोसमासाठी सनरायझर्सने त्याला १४ कोटींना राखून ठेवलं होतं.

मग दिल्ली चुकली का? आम्हाला तसं वाटत नाही. दिल्लीला त्या तीन वर्षांत जिंकायचं होतं आणि धवनने तीन वर्षं चोख धावा दिल्या. सनरायझर्सनेही अभिषेकमधला तारा आधीच ओळखला होता असं म्हणणं अवघड आहे. त्यांनी मोठी रक्कम मोजली होती ती इतर दोघांसाठी. फक्त त्यांनी पोराला हाकलून दिलं नाही, एवढं श्रेय त्यांचं नक्की.

बास्केटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या एनबीएमध्ये, हा हिशेब फार पुढे गेलेला आहे. तिथे नव्या मुलांचा लिलाव होत नाही. दरवर्षी संघ पाळीपाळीने मुलं निवडतात, तळाच्या संघांना आधी संधी मिळते आणि पहिल्या फेरीतला मुलगा साधारण चार वर्षं कमी पगारात संघाच्या हाती राहतो. त्यामुळे पुढच्या वर्षांच्या निवडीचे हक्कसुद्धा सौद्यात दिले-घेतले जातात, म्हणजे अजून शाळेत असलेल्या मुलांचा व्यापार! २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने ऐन भरातला पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला आणि एकच मोसम खेळलेला २० वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर, शिवाय पहिल्या फेरीचे पाच हक्क घेतले. नंतर ओक्लाहोमाने हार सोसली. २०२१-२२ मध्ये ८२ पैकी फक्त २४ सामने जिंकले. २०२५ मध्ये मात्र ते विजेते झाले आणि शे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पॉल जॉर्ज तोवर क्लिपर्स सोडूनही गेला होता.

आयपीएलमध्ये एवढा धीर परवडत नाही, कारण दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक संघ मोडून नव्याने बांधावा लागतो. १७ वर्षांचा मुलगा २२चा होईपर्यंत तो आपलाच राहील याची खात्री नसते.

कबड्डीत पुणेरी पलटणने ते करून दाखवलं. प्रो कबड्डीत नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर थेट घेण्याची सोय आहे. तिथून पुण्याने अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार घेतला. आठव्या मोसमात संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती, पण चढाया हळूहळू पोरांकडे गेल्या. नवव्या मोसमात पलटण उपविजेती ठरली आणि १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्याच नेतृत्वाखाली हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. अर्थात सोबतीला इराणचा मोहम्मदरेझा शादलूई होता, २ कोटी ३५ लाखांचा. नुसत्या पोरांच्या जिवावर कप येत नाही.

पारखणारे लोक मुलाचं नेमकं काय पाहतात? धावा किंवा गुण किती यापेक्षा ते कुणासमोर केले, आणि त्या वेळी मुलाचं वय काय, हे आधी पाहतात. सोळाव्या वर्षी लवकर अंग भरलेला मुलगा बरोबरीच्यांना सहज हरवतो, विसाव्या वर्षी सगळेच तेवढे उंच होतात आणि तो फायदा संपतो. चेंडू लवकर दिसणं, पाय योग्य जागी पडणं, हे मात्र टिकतं. मग दुखापतींचा इतिहास, आणि चुकल्यावर तीच चूक तो किती दिवसांनी परत करतो. हे सगळं पाहूनही अंदाज चुकतात. आपल्याला कोबी ब्रायंट आठवतो, कारण १९९६ मध्ये शार्लटने १७ वर्षांचा कोबी देऊन अनुभवी व्लादे दिवाच घेतला होता. ज्यांच्यावर डाव लावला आणि जे कुठेच पोहोचले नाहीत, अशा मुलांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. ती संख्येने कितीतरी जास्त आहेत. म्हणून मैदानावर जाणाऱ्या मुलाची दहावी-बारावी सुटू नये, असं आम्ही पालकांना सांगतो, कितीही दम असला तरी.

ताजा तराजू चेन्नईचा आहे. अनुभवी खेळाडूंवर विसंबणारा संघ अशी चेन्नईची ओळख. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी संजू सॅमसन घेण्यासाठी सॅम करनसोबत आपल्या जामनगरचा रवींद्र जडेजा राजस्थानला दिला. जडेजाच्या नावावर आयपीएलचे अडीचशेवर सामने, वय ३६, आणि मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं. महिन्याभराने अबू धाबीच्या लिलावात त्याच चेन्नईने २० वर्षांचा प्रशांत वीर आणि १९ वर्षांचा कार्तिक शर्मा घेतले. दोघांची मूळ किंमत ३० लाख. दोघांसाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख मोजले. तोवर दोघांपैकी एकानेही आयपीएलचा एकही सामना खेळलेला नव्हता.