पोलादी पाइलची जाडी कशी ठरते? नुसतं वजन बघून चालत नाही!

१९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळ 'गुडविन ए' या गॅस प्लॅटफॉर्मच्या पायाचं काम सुरू होतं. अडीच मीटरहून जास्त व्यासाचे पोलादी पाइल समुद्रतळात ठोकताना त्यातले बरेचसे टोकाकडून चेपत गेले. नुकसान झालं ते ठोकतानाच, वरचा भार पेलताना नव्हे.

पाइल म्हणजे वरचं वजन खोलवरच्या घट्ट थरापर्यंत पोहोचवणारा खांब. पोलादी पाइल अनेकदा आतून पोकळ नळीसारखा असतो. त्याच्या भिंतीची जाडी ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात.

१. भार
वरून येणारं वजन आणि वारा, लाटा यांचा आडवा जोर. हा हिशोब बहुतेकांना सुचतो.

२. हातोड्याचे घाव
व्यासाच्या मानाने भिंत पातळ असेल, तर घाव बसताना नळी चेपते. समुद्रातल्या कामांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एक सोपं सूत्र आहे: व्यासाला १०० ने भागा आणि त्यात ६.३५ मिमी मिळवा. म्हणजे १,००० मिमी व्यासाच्या पाइलला किमान १६.३५ मिमी जाडी हवी. पण हा झाला किमान आकडा. खाली कठीण खडक असेल तर टोकाला आलेला छोटासा पोचाही पुढच्या प्रत्येक घावानिशी वाढत जातो. म्हणून टोकाशी अनेकदा जास्त जाड तुकडा जोडतात.

३. गंज
युरोपच्या नियमावलीनुसार नैसर्गिक, न हललेल्या जमिनीत ५० वर्षांत एका बाजूने साधारण ०.६ मिमी पोलाद झिजतं, असं धरतात. समुद्रात ओहोटीच्या पातळीजवळ आणि लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात हाच आकडा ३.७५ मिमी होतो. ही झीज धरून जाडी ठेवावी लागते किंवा रंगाचं संरक्षण द्यावं लागतं.

मग सरसकट जाड पाइलच का नको?
कारण पोलाद महाग आहे. १,००० मिमी व्यासाच्या पाइलची जाडी १६ वरून २० मिमी केली, तर दर मीटरला जवळपास ९५ किलो पोलाद वाढतं. ३० मीटरच्या एका पाइलमागे हे होतात सुमारे २.८ टन!

त्यामुळे संपूर्ण पाइल जाड करण्याऐवजी जिथे गरज तिथेच जाडी वाढवतात. ती जागा कुठली, हे कळायला आधी जमिनीची नीट तपासणी लागते. तिथे वाचवलेला पैसा पुढे दुरुस्तीत जाऊ शकतो.