शिक्षणाचा देशी विचार : फुले ते ताराबाई मोडक



शिक्षणाचे तत्त्वज्ञान म्हटले की प्लेटो, रूसो, ड्यूई ही नावे समोर येतात. त्यांचा अभ्यास आवश्यकच आहे. पण आपल्या समाजाच्या गरजांतून शिक्षणाचा विचार कसा घडला, हेही जाणून घ्यायला हवे. त्यासाठी या घटकात आपण दोन उदाहरणे पाहू.

१. महात्मा फुले यांची मांडणी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. वरच्या वर्गांना शिकविले की विद्या खालपर्यंत झिरपते, हे तत्कालीन धोरण त्यांनी अमान्य केले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा लाभ मात्र उच्चवर्गीयांच्या शिक्षणाला मिळतो, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य हे विषय त्यांनी सुचविले. शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, प्रसंगी नांगर धरणारा असावा, हा त्यांचा आग्रह होता. कोणासाठी, काय आणि कोणी शिकवायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात.

२. ताराबाई मोडक यांचा प्रयोग

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले. त्यांची पद्धती ताराबाईंनी अभ्यासली. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने काम केले. वारली मुले गुरे राखत, धाकटी भावंडे सांभाळत. ती शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्याकडे जावे, या विचारातून पाड्यांवर अंगणवाडी आणि चराऊ रानात कुरणशाळा भरू लागली. महागड्या साधनांची जागा बिया, खडे, शिंपले यांनी घेतली. इंद्रियानुभवाचे तत्त्व कायम राहिले. त्याचे रूप मात्र इथल्या मातीतले झाले.

३. भाषेचा प्रश्न

मुळशी तालुक्यातील मुठा गावच्या मुलाची कल्पना करा. राब, खाचर, चिखलणी, लावणी हे शब्द त्याला घरीच मिळालेले असतात. त्यांत शेतीचे ज्ञान साठलेले असते. त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हटले, तर शब्दांबरोबर आईबापांचे ज्ञानही हिणकस ठरते आणि मूल वर्गात गप्प होते. प्रमाणभाषा त्याला यायलाच हवी. पण ती बोलीत भर घालणारी असावी, बोली पुसणारी नसावी.

४. एक मर्यादा

देशी म्हणजे परंपरागत ते सारे ग्राह्य, असे नव्हे. स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांना विद्या नाकारणारी रूढीही येथलीच होती. फुले दांपत्याने १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून तिला आव्हान दिले. म्हणून विचाराची कसोटी त्याच्या उगमात शोधू नये. जो शाळेबाहेर राहिला आहे, त्याला तो आत आणतो काय, हे पाहावे. शिक्षणाकडे पुन्हा वळलेल्या आपणांस या कसोटीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपली प्रगती तपासा

(अ) फुले यांनी सुचविलेले विषय व तत्कालीन ग्रामजीवन यांचा संबंध स्पष्ट करा.
(आ) ताराबाईंनी मॉन्टेसरी पद्धतीतील काय राखले व काय बदलले?
(इ) आपल्या व्यवसायातील दहा बोलीशब्द नोंदवा आणि प्रत्येकात कोणते ज्ञान आहे, ते लिहा.