बर्लिनच्या मेट्रोत तिकीट काढूनही दंड का होतो?

बर्लिनला निघालात? तिथल्या मेट्रो स्टेशनवर पुणे-मुंबईसारखी गेट नाहीत, थेट फलाटावर जाता येतं. पण मशीनमधून घेतलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल, तर तिकीट असूनही ६० युरो दंड! तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतात; ‘आम्ही पर्यटक आहोत’ हे कारण सहसा चालत नाही. अ‍ॅपवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, मात्र ते गाडीत चढण्याआधीच काढा.

रविवारी मोठी स्टेशनं सोडली तर सुपरमार्केट बंद, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणा. आणि हो, टिप टेबलावर ठेवून उठू नका. बिल १८ युरो झालं, तर पैसे देतानाच ‘२०’ म्हणायचं. वेटर तेवढे घेऊन उरलेले परत देतो.