रत्नागिरी जिल्ह्यातील लोकसंख्येची घट आणि नगरपालिकांचा कारभार

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण या घटीचे कारण पुरेसे स्पष्ट करते. कर्ता पुरुष मुंबईस असतो. अलीकडे त्याच्यामागून कुटुंबही जाते.

ही घट सर्वत्र सारखी नाही. रत्नागिरी नगरपालिकेची लोकसंख्या याच काळात सुमारे ७० हजारांवरून ७६ हजारांवर गेली, तर राजापूरची दहा हजारांच्या खाली आली. १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने नगरपालिकांचे वर्ग लोकसंख्येवरच ठरविले आहेत : एक लाखावर ‘अ’, चाळीस हजारांवर ‘ब’, त्याखाली ‘क’. सदस्यसंख्या आणि प्रभागरचनाही त्याच आकड्यावर अवलंबून असते. नवी नगरपालिका स्थापण्यास पंचवीस हजारांची अट आहे. राजापूर टिकून आहे ते केवळ जुनेपणामुळे.

परंतु नगरपालिकेचा भार माणशी मोजता येतो काय? रस्ता, गटार, दिवा, जलवाहिनी यांची लांबी माणसे गेल्याने कमी होत नाही. शिवाय २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. तेव्हा चाकरमानी मुंबईत मोजला गेला. तोच मे महिन्यात आणि गणपतीत गावी येतो, बंद घर उघडतो. त्या घराची पट्टी तो भरतो, पण लोकसंख्येत तो नसतो. आणि विहिरी आटलेल्या असतात नेमक्या त्याच मे महिन्यात. मराठीतील ‘वस्ती’ हा शब्द कायमचे राहणे आणि एका रात्रीचा मुक्काम या दोहोंनाही चालतो. कायद्याला ही सवलत नाही.

रत्नागिरीत अडचण उलट प्रकारची आहे. शहराची वाढ हद्दीबाहेर नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींत झाली आहे. पाच हजारांवर वस्ती, दाट लोकसंख्या आणि तीनचतुर्थांश पुरुष कामकरी बिगरशेती व्यवसायात असल्यास जनगणना अशा गावास शहर मानते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. जिल्ह्यातील शहरी लोकसंख्येचे प्रमाण ११ वरून १६ टक्क्यांवर गेले, त्यातील मोठा वाटा या नामांतराचा आहे, असे म्हणणे भाग आहे.

राज्यघटनेच्या २४३-त या अनुच्छेदानुसार लोकसंख्या म्हणजे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतील संख्या होय. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांतील प्रभागही २०११ च्याच आकड्यांवर आखले गेले. पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे शिरगणती पुन्हा फेब्रुवारीतच, आणि चाकरमानी पुन्हा मुंबईतच.