तेहतीस फुटांचा पट्टा

सप्टेंबरअखेर न्यूयॉर्क राज्यातल्या पुलास्की गावी पहाटे पोहोचलात, तर सॅमन नदीत माणसं खांद्याला खांदा लावून उभी दिसतील. छातीपर्यंत रबरी वेडर्स, हातात रॉड, तोंडातून वाफ. मधूनच कुणीतरी ओरडतो, ‘फिश ऑन!’ लगेच शेजारचे मुकाट्याने आपापली दोरी गुंडाळून घेतात, कारण गळाला लागलेला वीसेक पौंडांचा चिनूक सॅमन एकदा प्रवाहाबरोबर सुटला की दहाजणांच्या दोऱ्यांचा गुंता करतो. काठावरून ही जत्रा पाहणाऱ्याला वाटतं की नदी सरकारी, मासे देवाचे, यावं आणि पकडावं.

मासे तर देवाचे नव्हेतच. ज्याच्यावरून नदीला नाव पडलं, तो अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकात गिरण्यांच्या बंधाऱ्यांनी, जंगलतोडीने आणि बेसुमार मासेमारीने संपवला. आजचे चिनूक आणि कोहो हे मूळचे पॅसिफिक किनाऱ्यावरचे. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांना, ही नदी ज्याला मिळते त्या ओंटारियो सरोवरात आणून सोडलं, त्यामागे हौशी मासेमारांची सोय हे एक कारण होतं. दुसरं कारण मात्र पाहुण्यांना कुणी आवर्जून सांगत नाही. सरोवरात आलवाइफ नावाच्या छोट्या माशांचा सुळसुळाट झाला होता, मेलेल्या आलवाइफचा खच किनाऱ्यावर सडत पडायचा आणि त्यांना खाणारं कुणीतरी हवं होतं. पुढे १९७६मध्ये सरोवरातल्या माशांत मायरेक्स हे विषारी रसायन सापडलं आणि राज्याने सॅमन जवळ बाळगायलाच बंदी घातली. ती उठली आणि १९८०मध्ये ऑल्टमारला सरकारी मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. तेव्हापासून गावाची शरद ऋतूतली कमाई या पाहुण्या माशांवर चालते.

नदीची गोष्ट त्याहून गमतीची. इथे बऱ्याच ठिकाणी काठाची जमीन ज्याची, पाण्याखालचा तळही त्याचाच. अशा मालकाने हरकत घेतली तर त्या तळावर पाय ठेवणंसुद्धा अतिक्रमण. मग शेकडो माणसं पुलास्कीत बिनदिक्कत उभी राहतात ती कशाच्या जोरावर? झाडांवर ठोकलेल्या लहान पिवळ्या पाट्यांच्या. न्यूयॉर्क राज्य १९३५पासून नदीकाठच्या मालकांकडून मासेमारीपुरता हक्क विकत घेत आलं आहे. जमीन मालकाकडेच राहते. त्याला एकदाच पैसे मिळतात आणि काठालगतचा, बहुधा तेहतीस फूट रुंदीचा पट्टा लोकांना चालायला आणि गळ टाकायला कायमचा खुला होतो. तंबू ठोकायचा नाही, शेकोटी पेटवायची नाही, फक्त मासे. जमीन पुढे कुणालाही विकली तरी हा बोजा तिच्याबरोबर जातो, आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त नोंद चढावी तसा.

तेहतीस फूट म्हटल्यावर मराठी माणूस मनातल्या मनात हिशेब करतो. आपला गुंठाही तेहतीस फूट लांब-रुंद, कारण दोन्हींच्या मुळाशी इंग्रजी मोजणीची तीच साखळी. म्हणजे एका काठाचा मैलभर पट्टा मिळवायचा तर एकशेसाठ गुंठ्यांवरचा हक्क घ्यायचा, तोही शेतकऱ्यांच्या दारी बसून, एकेकाची समजूत काढून. सॅमन नदीवर असा सुमारे बारा मैलांचा हक्क राज्याने जोडला. या नदीच्या बढाया रॉड हाती असलेल्यांच्याच असतात, पण माझ्या मते खरी शिकार या कागद जमवणाऱ्या कारकुनांनी केली.

त्यांच्या कामाची किंमत नदीच्या खालच्या अंगाला कळते. मुखाजवळचा सुमारे अडीच मैलांचा भाग डग्लस्टन मॅनर या खासगी इस्टेटीत येतो. सरोवरातून येणारा ताजा, चंदेरी मासा पहिल्यांदा इथूनच जातो. इस्टेटीने पास लावून मासेमारी सुरू केली तेव्हा गाइड लोकांनी युक्तिवाद केला की नदी नौकानयनाची आहे, आम्ही काठाला पाय लावत नाही, होडी नांगरून गळ टाकतो, यात तुमचं काय जातं? वाद कोर्टात गेला. अपिलात गाइड जिंकले, पण १९९७मध्ये राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, कोर्ट ऑफ अपील्सने, निकाल फिरवला. नदीतून होडी नेण्याचा हक्क लोकांचा आहे, मासे धरण्याचा हक्क मात्र तळाच्या मालकाचा. तेव्हापासून तिथून जाताना गाइड गिऱ्हाइकांना दोऱ्या आत घ्यायला लावतात. परवाना काढून आलेल्या पाहुण्याचा चेहरा तेव्हा पडतो. सरकारी केंद्रात वाढवलेला मासा डोळ्यांदेखत होडीखालून जातो आणि त्याला हात लावायचा नाही! राग समजू शकतो. पण निकाल मला चुकीचा वाटत नाही. वहिवाट आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. वर गावात राज्याने कागद केला होता, इथे नव्हता.

हक्क मिळाला म्हणून रीतभात आली असंही नाही. नदीत शिरलेला सॅमन खाणं सोडून देतो, आमिषाला फारसा भुलत नाही. म्हणून पूर्वी मोठे तिहेरी गळ पाण्यातून ओढून मासा मिळेल तिथे अडकवत. याला स्नॅगिंग म्हणत आणि ते कायदेशीर होतं. बंदीची चर्चा निघाली तेव्हा गावातल्या दुकानदारांनी कडाडून विरोध केला. गिऱ्हाईक तुटेल, म्हणाले. १९९०च्या दशकाच्या मध्यात बंदी आलीच. गिऱ्हाईक काही तुटलं नाही. दोरी माशाच्या तोंडातून सरकवून गळ बाहेरून रुतवणारे बहाद्दर मात्र आजही आहेत आणि ‘चावला हो, चावला!’ असं शपथेवर सांगतात.

आणि पाणी? ते वरच्या दोन वीजधरणांच्या हाती. पूर्वी विजेची मागणी वाढली की लोंढा, घटली की नदी खडखडीत. काठाचा हक्क असून पाणीच नाही, किंवा मधोमध उभं असताना अचानक कमरेवर. १९९६मध्ये धरणांना नवा परवाना देताना किमान विसर्ग ठरवून दिला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर सेकंदाला ३३५ घनफूट, एप्रिलअखेरपर्यंत २८५, उन्हाळ्यात १८५. मासेमारांना पाय ठेवायला भरवसा मिळाला. पण मोठा फायदा गोट्यांखाली झाला. चिनूकची अंडी उघडी पडेनाशी झाली, पिल्लं जगू लागली. पुढे केंद्रातल्या माशांना खूण करून तपासलं, तेव्हा सरोवरातले जवळपास निम्मे चिनूक नदीतच जन्मलेले निघाले.